जादूशाळेत नक्की शिकवतात काय? पालकांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल लागला की माझा फोन दुपारी झोपू देत नाही. "मावशी, यंदा जादूशाळा आहे ना?" हा मुलांचा प्रश्न एका शब्दात सुटतो. पालकांचे सुटत नाहीत. तेच ते प्रश्न, तीच ती उत्तरं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. आधी हे वाचा, मग फोन करा. दोन ते चार सोडून.

ही खरी शाळा आहे का?

नाही हो. जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या ओसरीवर मे महिन्यात भरणारा खेळ आहे. चौथी ते आठवीची मुलं. ती असं धरून चालतात की गोदावरीच्या पात्राखाली कैक शतकांपासून जादूची एक शाळा आहे, तिचं दार फक्त उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर सापडतं, आणि आपण तिथले विद्यार्थी. शिकवायला आम्ही तिघं: मी, माझी नणंद आणि एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, नणंदेला आकाशाचं वेड, आणि मास्तरांच्या हातात नाणं दिलं तर ते परत मिळेलच असं नाही.

विषय हॅरी पॉटरच्या त्या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकांतलेच आहेत का?

पहिल्या वर्षी मुलांनी तशीच यादी करून आणली होती. यादी झकास होती, पण त्यातलं काही दाखवायचं म्हटलं तर हातात काहीच नाही. किल्ला परदेशातला, अरण्य परदेशातलं, घुबडंसुद्धा तिकडचीच. मग आम्ही एक नियम केला. ज्या विषयातली निदान एक गोष्ट नाशकात, फार तर एसटीने तासाभराच्या आत, बोटाने दाखवता येते तोच विषय ठेवायचा. यादी निम्म्यावर आली आणि शाळा मार्गी लागली. सध्या विषय सात आहेत: रूपांतर, रसविद्या, झाडपाला, आकाश, गूढलिपी, भविष्य आणि हातचलाखी. मंत्र मधल्या सुट्टीत.

जादूचा इतिहास का नाही?

याच नियमामुळे. किमयागार म्हणून ज्याचं नाव जगभर झालं त्या निकोला फ्लामेलने १४०७ साली बांधलेलं घर आजही उभं आहे, पण पॅरिसमध्ये. तिथे एसटी जात नाही. शिवाय तो होता लेखनिक. १४१८ मध्ये वारला, आणि सोनं बनवल्याची कीर्ती त्याला मेल्यावर कितीतरी वर्षांनी चिकटली. एवढं सांगून आम्ही इतिहास संपवतो.

रूपांतर म्हणजे माणसाचा बेडूक वगैरे?

पातेल्याचं रूपांतर. आणि खरं सांगायचं तर सगळ्या शाळेत माझा सर्वांत आवडता तास हाच.

आमच्या वाड्यापासून भांडी बाजार आणि तांबट आळी चालत जाण्याच्या अंतरावर. आधी मुलांना तिकडे नेऊन नुसता ठोक्यांचा आवाज ऐकवतो. मग एका सकाळी कल्हईवाले चाचा वाड्यात येतात. दारोदार फिरणारे कल्हईवाले आता विरळाच, त्यामुळे निम्म्या मुलांनी हा प्रकार जन्मात पाहिलेला नसतो. चाचा अंगणात वीतभर खड्डा करतात, त्यात कोळसे, बाजूला हाताने फिरवायचा भाता. आतून काळंकुट्ट झालेलं तांब्याचं पातेलं निखाऱ्यावर ठेवून सांडशीने गरगर फिरवत राहतात. मुलं कंटाळायला लागतात. नेमक्या त्या वेळी चाचा नवसागराची चिमूट आत टाकतात, भसकन पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी भांड्याला टेकते न टेकते तोच लोण्यासारखी पाघळते, आणि कापसाचा बोळा एकदा गोल फिरला की काळ्या पातेल्यात चांदणं पडतं. मग पाण्यात बुडवल्याचा चर्र आवाज. पंचवीस पोरं एकदम गप्प बसलेली मी फक्त त्या क्षणी पाहिली आहेत.

त्यानंतर फळ्याजवळ यायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटे होतात. दुसरा आम्लधर्मी, तो भांड्यावर साठलेला ऑक्साइडचा थर खातो आणि धातू उघडा पडतो. वर गेल्यावर गार हवेत दोघं पुन्हा एकमेकांना भेटतात आणि नवसागराचे बारीक कण तयार होतात. तो पांढरा धूर म्हणजे परत आलेला नवसागरच! कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, म्हणून पातेलं शाबूत राहतं. आणि हे सगळं कशासाठी, तर कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. "कळकणे" हा शब्द घरी आजीला विचारून यायचा, एवढाच गृहपाठ.

तीनेक वर्षांपूर्वी एका सहावीतल्या मुलाने हात वर केला. "मावशी, तांब्याचं आत तांबंच राहिलं ना? मग हे रूपांतर कुठे, वेशांतर झालं." मला पटलं. तेव्हापासून वेळापत्रकावर विषयाचं नाव "रूपांतर (खरं तर वेशांतर)" असं लिहितो.

रसविद्येत सोनं बनवायला शिकवता का? (हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात.)

सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन, पाऱ्याच्या अणूत ८०. फरक एकाचाच, म्हणून जुन्या किमयागारांना पारा जवळचा वाटला असेल असं मुलांना वाटतं. पण त्यांना बिचाऱ्यांना प्रोटॉन माहीतच नव्हते. चुलीवर, भट्टीवर, आम्लात जे काही घडतं ते अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपुरतं. गाभ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे सोन्याचा भाव कितीही चढो, ओसरीवर ते होणार नाही.

पण सोनं शोधताना लोकांच्या हाती भलतंच काही लागलं, ते आम्ही रंगवून सांगतो. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये सोन्याच्या आशेने मानवी मूत्र साठवून आटवलं आणि त्याला मिळाला अंधारात चमकणारा फॉस्फरस. ही गोष्ट मुलांना सांगावी लागते एकदाच, ती घरी जाऊन सांगतात दहादा. जेवताना सांगितली तर क्षमस्व. आपल्याकडच्या रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्यावरच्या संस्कारांची केवढी लांबलचक वर्णनं आहेत आणि नागार्जुन या जुन्या रसाचार्याचं नाव त्यात कसं येतं, तेही सांगतो. पारा मात्र हाताळायला देत नाही. तो विषारी आहे आणि यावर चर्चा नाही.

सराफ बाजारातली चक्कर याच विषयात. तिथे कसोटीचा काळा दगड पाहायचा. त्यावर दागिना घासून रेघ ओढतात, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ, वर आम्लाचा थेंब, आणि कुठली रेघ टिकते ते बघायचं. "कस लागणे" आणि "कसोटी पाहणे" हे आपण उठता-बसता बोलतो, पण ती रेघ डोळ्यांनी बघितलेली मुलं तो शब्द नंतर जरा जपून वापरतात.

मुलांच्या हातात रसायनं देता?

हळद, लिंबू, जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी, खायचा सोडा आणि पानाचा चुना. हळदीत चुना कालवला की ती लालभडक होते. पूर्वी कुंकू असंच व्हायचं. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. जास्वंदीचं पाणी लिंबाने गुलाबी होतं, सोड्याने हिरवट. कितीही वेळा उलटसुलट करा. मुलं याला "उलटमंत्र" म्हणतात.

एक चूक मात्र कबूल करते. पहिल्या वर्षी मी चुन्याची डबी मुलांच्या मध्ये ठेवली आणि वळले. एकाने तोच हात डोळ्याला लावला. नळाखाली धरून पाव तास डोळा धुतला, डॉक्टरांना दाखवला, काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप नव्हती. आता चुना माझ्याच हातात असतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा. हे झाल्याचं तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

झाडपाल्यात ते किंचाळणारं रोपटं आहे का?

ते रोपटं खरं आहे, किंचाळणं तेवढं खोटं. मँड्रेक भूमध्य समुद्राच्या आसपास उगवतं. त्याचं मूळ दुभंगून माणसासारखं दिसतं, म्हणून उपटताना ते ओरडतं आणि ऐकणारा मरतो अशी कथा युरोपात रुजली. त्यात अॅट्रोपिन, स्कोपोलमिन अशी विषारी द्रव्यं असतात. आपल्याकडे ते नाही, पण त्याचा भाऊबंद आहे: धोतरा. दोघंही वांगी, बटाटा, टोमॅटोच्या कुळातले. रस्त्याकडेला वाढलेला धोतरा मुलांना ओळखायला शिकवतो आणि हात लावायचा नाही हेही. शंकराला वाहतात म्हणून तो निरुपद्रवी असेल असं बऱ्याच मोठ्या माणसांनाही वाटतं.

खरी जादू अंजनेरीला. त्र्यंबक रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक जातात तोच डोंगर. तिथल्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका, म्हणजे डोंगराचं नावच तिला मिळालंय. कंदिलासारख्या फुलाच्या नळीत बारीक माशी शिरते, आतल्या उलट्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. काही काळ कैद. मग केस कोमेजतात, माशी सुटते, जाताना पराग घेऊन जाते. फूल पावसाळ्यातच येतं, म्हणून ही एक सहल ऑगस्टमध्ये. रोप उपटून आणायला, "एकच फूल" तोडायला सक्त मनाई. एकदा एका पालकांनीच तोडलं होतं. मूल रडलं.

आकाश या विषयात राशीभविष्य सांगता?

राशी दाखवतो, भविष्य नाही. नाशिककराला यासाठी वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. तो मुळात आकाशातला प्रसंग, पण आपल्याला आठवतात ते बंद रस्ते आणि साधुग्राम. गच्चीवर आधी सिंहेतली मघा दाखवतो, मग गुरू त्या वर्षी कुठे आहे ते शोधायचं आणि पुढच्या मेमध्ये कुठे असेल ते वहीत लिहून ठेवायचं. दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक कोडं असतं. गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांची नाही, सुमारे ११.८६ वर्षांची. मग सात सिंहस्थांनंतर किती फरक पडेल? सात बारे चौऱ्याऐंशी, पण गुरूच्या सात फेऱ्या ८३ वर्षांतच होतात. अख्खं एक वर्ष. मग सिंहस्थ कधी कधी अकरा वर्षांनी का येतो, हे मुलं आपणहून सांगतात. २०१५चा सिंहस्थ तुमच्या लक्षात असेल, आता २०२६-२७चा. शहरातले दिवे एवढे वाढलेत की मघा कशीबशी दिसते, तो वेगळा विषय.

भविष्य? तुम्ही असं कसं शिकवता?

या विषयावर सगळ्यांत जास्त फोन येतात, म्हणून सविस्तर. पहिल्या दिवशी मुलांना सोडायला आलेल्या प्रत्येक पालकाला आम्ही नाव आणि जन्मतारीख विचारतो आणि दुसऱ्या दिवशी बंद पाकिटात त्यांचा स्वभाव लिहून देतो. "तुम्ही वरून खंबीर दिसता, पण निर्णय घेतल्यावर मनात शंका येते. लोकांनी तुमची कदर करावी असं वाटतं, पण तुम्ही तसं बोलून दाखवत नाही." वगैरे. पाचपैकी गुण द्यायला सांगतो. चार, साडेचार, पाच. मग मुलं मोठ्याने वाचून दाखवतात आणि लक्षात येतं की सगळ्या पाकिटांत एकच मजकूर.

हा प्रयोग आमचा नव्हे. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केला होता, सरासरी गुण पडले ४.२६. आमच्या ओसरीवर कधीच त्याहून फार खाली गेलेले नाहीत. एका आईने तर मजकूर फुटायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला आमच्या घरचं कुणी सांगितलं का?" एका आजोबांना मात्र राग आला. "म्हणजे मला मूर्खात काढलं," म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. आधी न सांगता माणसाला हसण्यावारी नेणं बरं नव्हेच. आता पाकिटाच्या आत शेवटच्या ओळीत लिहितो: हे सगळ्यांना सारखंच दिलंय, रागावू नका.

त्यानंतर मुलं स्वतः भविष्य सांगायला शिकतात. मोघम बोलायचं, समोरच्याचा चेहरा वाचायचा, चुकलं की चटकन वळण घ्यायचं. नंदीबैलवाला प्रश्न कसा विचारतो, पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा काय आणि कसं म्हणायचा, हे नणंद त्यांच्या आवाजात करून दाखवते. ती कला आहे आणि त्यावर माणसं पोट भरत आली, हे आम्ही विसरू देत नाही. हा तास झाल्यावर तुमचं मूल रस्त्यावरच्या "एका अंगठीत सगळं ठीक" जाहिरातीला हसायला लागलं तर आम्हाला फोन करू नका.

गूढलिपी कुठली? बनवलेली का?

बनवायची गरजच नाही, पांडवलेण्यांत कोरून ठेवली आहे. ब्राह्मी. चोवीस लेणी, भाषा प्राकृत, आणि हजार वर्षांहून जास्त काळ ती अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने लिपीचा उलगडा केला. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक करणारा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं त्यात म्हटलंय. "आई असंच बोलते," ही एका मुलीची टिप्पणी.

मुलं अशोकाच्या काळच्या ब्राह्मीपासून सुरुवात करतात, कारण ती सोपी. क म्हणजे चक्क अधिकचं चिन्ह. आठवड्याभरात एकमेकांना चिठ्ठ्या जातात, आणि त्या मला वाचता येतात हे त्यांना माहीत नसतं. वरच्या वर्गाला मोडी. आधी पूर्ण रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत जायची. घरात पणजोबांचे जुने कागद असतील तर त्यांची झेरॉक्स पाठवा. मूळ कागद नको. खरंच नको.

हातचलाखीत गुपितं फोडता का?

मास्तरांची अट अशी: आरशासमोर पन्नास वेळा केल्याशिवाय पुढची युक्ती नाही. बघणाऱ्याची नजर कुठे न्यायची हे नाण्यापेक्षा महत्त्वाचं, आणि ते सांगून येत नाही.

दाखवायला फाळके. दादासाहेब त्र्यंबकचे, जन्म ३० एप्रिल १८७०. सिनेमाच्या आधी ते जादूचे प्रयोग करत, स्वतःचं नाव उलटं करून "प्रोफेसर केल्फा" म्हणवून घेत. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप दिवसांमागून दिवस थोडं थोडं टिपून पडद्यावर मिनिटभरात वाढवून दाखवलं. गारुडी टोपलीखाली कोयीचं आंब्याचं झाड करायचा, तीच युक्ती, फक्त इथे फसवणूक नव्हती. रोप खरोखर वाढलं होतं. मुलं मोबाइलवर मुगाचा तसाच व्हिडिओ करतात. फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशीच, त्यामुळे लिपी आणि हातचलाखी एकाच सहलीत उरकतात. उतरताना सगळ्यांना मिसळ हवी असते. तिखट कमी सांगूनही कमी नसतं.

मंत्र?

"अबराकाडाबरा" हा रोमन काळातला तापावरचा तोडगा. शब्द लिहायचा, प्रत्येक ओळीत एक अक्षर कमी करत त्रिकोण करायचा आणि गळ्यात बांधायचा. अक्षरं संपली की ताप संपला. मुलं आपल्या नावाचे त्रिकोण करतात आणि भांडण लागतं: "ज्ञा" हे अक्षर एक की दोन? अजून निकाल नाही.

झाडूवर उडायला शिकवता का?

केरसुणी लक्ष्मी असते. तिला पाय लावला तर वाड्याच्या मालकीणबाई आजी आम्हालाच उडवतील.

हे जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं का?

विनोदाने विचारत असाल तर ठीक, पण काहीजण गंभीरपणे विचारतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तो आहे अंगात शक्ती असल्याचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्या, छळणाऱ्यांसाठी. टोपीतून रुमाल काढणाऱ्यांसाठी नाही. आमच्याकडे कुणी दावाच करत नाही. केलाच तर बाकीची चोवीस पोरं "कसं केलंस ते सांग" म्हणून मागे लागतात.

परीक्षा, प्रमाणपत्र?

नाही. दोन्ही नाही.

मुलांसोबत काय काय पाठवायचं?

टोपी, पाण्याची बाटली, वही. चष्मा आम्ही देतो. एक रुपयाची दोन नाणी, परत मिळतील याची हमी नाही. आणि घरात कल्हई उडालेलं पातेलं असेल तर ते, नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट. चाचांनी बजावून ठेवलंय की दहाच्या वर भांडी घेणार नाही. गेल्या वर्षी सव्वीस आली होती, त्यात दोन स्टीलची. स्टीलची पाठवू नका.